तिथीवर चालणारी वीज

आम्हा सातारकरांना वीज म्हटली की कोयना आठवते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला वळतं, पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून दाभोळला समुद्राला मिळतं. तिथल्या धक्क्यावर मी एकदा उभी होते. पायाशी नारळाचं सोडण तरंगत होतं. ते समुद्राकडे जायचं सोडून उलटं, चिपळूणच्या दिशेनं निघालं. खांबांना चिकटलेली कालवं एकेक करून पाण्याखाली गेली. भरती लागली होती. घाटावरून उतरलेल्या पाण्याला समुद्र पुन्हा वर रेटत होता.

या रेट्यातून वीज निघते. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर ती १९६६ पासून निघते आहे. तिथं समुद्र मोठ्या उधाणाला तेरा मीटरपर्यंत चढतो. खाडीला आडवा बांध घातला आहे. भरतीला दारं उघडून पाणी आत घ्यायचं, दारं लावायची आणि बाहेरचा समुद्र ओसरला की साठलेलं पाणी टर्बाइनमधून सोडायचं. अशी २४ टर्बाइनं, प्रत्येकी १० मेगावॉटची. दक्षिण कोरियातला सिहवा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला, तो २५४ मेगावॉटचा.

हे धरणच, पण बुटकं. आणि इथंच सगळी मेख आहे. तोटा बाजूला ठेवला, तर पोफळीला पडणारं हजार लिटर पाणी सुमारे १.३ युनिट वीज देतं. पाणी पाचच मीटर खाली पडलं, तर तेवढ्याच विजेसाठी त्याच्या ९५ पट पाणी लागतं. शिवाय भरतीची उंची अर्धी असली की वीज पाव होते, कारण पाणीही अर्धंच साठतं आणि उंचीही अर्धीच मिळते. म्हणून जागा निवडून घ्यावी लागते. गुजरातमधलं खंबायतचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, आत शिरलेलं पाणी दाटतं आणि जवळपास अकरा मीटर चढतं. कोकणात भरती त्याहून बरीच लहान आहे, त्यामुळे दाभोळला असा बांध घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

बांध न घालता वीज काढायची दुसरी रीत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांसारखी आहे. तीच पाती समुद्राच्या तळाशी, प्रवाहात उभी करायची. पाणी हवेच्या आठशे पटींहून जड असतं. त्यामुळे ताशी ९ किलोमीटरच्या प्रवाहात ताशी ८५ किलोमीटरच्या वाऱ्याइतकी ताकद असते. स्कॉटलंडच्या उत्तरेला अशी चार यंत्रं बसवली आहेत, मिळून ६ मेगावॉटची.

खर्च मोठा आहे, खारं पाणी लोखंड खातं. रान्सचा बांध घालताना खाडी तीन वर्षं समुद्रापासून तोडली गेली, तेव्हा तिथली जीवसृष्टी जवळजवळ संपली होती. ती सावरायला वर्षं लागली. खंबायतला गाळाचा प्रश्न आणखी मोठा, नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्या तिथंच येतात. सुंदरबनातला दुर्गादुआनी खाडीचा ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प तर खर्चापायीच मागे पडला.

तरीही मला या विजेचं मोल वाटतं ते तिच्या वेळापत्रकासाठी. चाळकेवाडीचा वारा उद्या दुपारी किती असेल, हे नेमकं सांगता येत नाही. भरतीची वेळ मात्र कोकणातला मच्छीमार बोटांवर मोजतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. पुनवेला नि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पुढच्या दहा वर्षांचं कोष्टक आज मांडता येतं.

खंबायतची वीज कधी वीजवाहिन्यांच्या जाळ्यात आली, तर ती संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कुठल्या तिथीला नसेल, हे आधीच ठाऊक असेल. तेवढेच तास कोयनेनं भरून काढायचे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं कोयनेला पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आहे. त्यातलं पोफळीला न सोडलेलं पाणी कोयनेच्या पात्रातून कराडला कृष्णेत येतं आणि पुढं सांगलीच्या उसाला, द्राक्षांना मिळू शकतं.