डोकं वळलं म्हणजे नजर गेली असं नाही

व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, माणसं कुठे पाहतात, हे तपासताना दोन वेगळी मोजमापं सर्रास एकाच नावाखाली खपतात: डोक्याची दिशा आणि नजरेची दिशा. पुण्यात वास्तुकला आणि डिझाइन शिकणाऱ्यांनी तरी ही गल्लत टाळावी असं मला कळकळीने वाटतं, कारण तिने निष्कर्षच बदलतो.

डोक्याची दिशा प्रत्येक हेडसेट मोजतोच. मान वळली की देखावा वळवावा लागतो, त्यामुळे ही नोंद आयती मिळते. नजरेसाठी मात्र आत इन्फ्रारेड दिवे आणि डोळ्यांकडे रोखलेले कॅमेरे लागतात. बाहुलीची जागा आणि डोळ्यावर पडलेली त्या दिव्यांची चकाकी यांवरून दिशा काढतात. प्लेस्टेशन व्हीआर २ आणि अ‍ॅपल व्हिजन प्रोमध्ये ही सोय आहे, मेटा क्वेस्ट ३ मध्ये नाही.

आता एखाद्याला व्हीआरमधल्या शनिवारवाड्यासमोर, दिल्ली दरवाजापासून थोडं लांब उभं करा. त्याची नजर दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांवर टेकते, तिथून वर नगारखान्याकडे उडी मारते, परत खाली येते. अशी एकेक उडी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपते आणि पंधरा-वीस अंशांपर्यंत मान हलवायची फारशी गरजच पडत नाही. डोक्याची नोंद सांगणार, ‘दरवाजाकडे पाहत होता’. खिळे की नगारखाना, हे तिला ठाऊकच नसतं. शिवाय आपल्याला लख्ख दिसतं ते जेमतेम दोन अंशांत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढं.

उलटही घडतं. खिळ्यांवर नजर रोखून मान डावीकडे वळवा. डोळे तेवढेच उजवीकडे फिरतात आणि खिळे नजरेतून सुटत नाहीत. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे हे आपोआप होतं. डोक्याच्या नोंदीत मात्र लक्ष उडालेलं दिसेल.

म्हणून डोक्याची नोंद टाकाऊ ठरत नाही. माणूस मागे वळला का, बुरुजांपैकी कोणत्या बाजूला आधी फिरला, एवढंच हवं असेल तर ती पुरते. नजरेच्या यंत्रणेला प्रत्येकाच्या डोळ्यांनुसार जुळवावं लागतं, हेडसेट कपाळावरून सरकला तर ती चुकू शकते. पण फलक कुठे लावावा, कोणतं कोरीवकाम लोकांच्या डोळ्यांत भरतं, असा प्रश्न असेल तर नजरच मोजायला हवी. तेवढी सोय नसेल, तर अहवालातल्या हीटमॅपखाली, म्हणजे कुठे जास्त पाहिलं गेलं ते रंगांनी दाखवणाऱ्या चित्राखाली, ‘डोक्याची दिशा’ असं स्वच्छ लिहावं.