एक दात कमी केल्याने इंजिनाची ताकद वाढते का?

पावसाळा ओसरला की म्हापसा, डिचोली, फोंड्याच्या गॅरेजांत चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं, बदलायला आलेल्या गाड्या दिसू लागतात. चार महिने पाणी आणि जांभ्याची तांबडी माती यांत घासून चेनची रया गेलेली असते. नवा सेट बसवतानाच सल्ला येतो, "पात्रांव, पुढचा एक दात कमी करूया. गाडीची ताकद वाढते." पायलटांच्या थांब्यावर, म्हणजे गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्यांतही, हीच गोष्ट अनुभवाच्या खात्रीने सांगितली जाते. मागे माणूस आणि मांडीवर त्याची बॅग घेऊन जो पर्वरीचा चढ चढतो, त्याला फरक जाणवतो हे खरंच आहे. इंजिनाची ताकद मात्र तसूभरही वाढलेली नसते. मग त्याला जाणवतं ते नेमकं काय?

गाडीच्या पुढच्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, १५ आणि मागच्याला ४५ दात आहेत असं धरू. पुढचं तीनदा फिरतं तेव्हा मागचं, आणि त्याच्याबरोबर चाक, एकदा फिरतं. वेग एकतृतीयांश होतो आणि त्या बदल्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिप्पट होतो. शक्ती म्हणजे या दोघांचा गुणाकार, आणि तो जिथल्या तिथे राहतो. पुढचे दात १४ केले की गुणोत्तर ३ चं ३.२१ होतं, म्हणजे सात टक्क्यांनी वाढतं. मागचे ४५ चे ४८ केले तरी जवळजवळ तेवढंच होतं, ३.२. पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या तोलाचा असतो तो असा.

पण सात टक्के ही काही मोठी गोष्ट नाही. एवढ्याशा बदलाने चढावर गाडी "वेगळीच" का वाटावी? इथे थोडं गणित करावं लागेल, आणि ते जरूर करण्यासारखं आहे.

दीडशे-एकशेसाठ सीसीची एक साधी गाडी घ्या. गाडी आणि दोन माणसं मिळून वजन २८५ किलो. पाचव्या गिअरला इंजिनापासून चाकापर्यंतची गुणोत्तरं अशी: प्रायमरी (इंजिन ते क्लच) ३, गिअर ०.९५, स्प्रॉकेट ३. गुणाकार ८.५५. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला इंजिन १३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर आहे असं मानलं, तर गाडीला पुढे ढकलणारं बल येतं सुमारे ३७० न्यूटन. चेन आणि गिअरमध्ये वाया जाणारा थोडा भाग मी इथे सोडून दिला आहे. पुढे १४ दात लावले की हेच बल ३९७ न्यूटन होतं.

आता खर्चाची बाजू. चढ १०० मीटरला ८ मीटर असेल, तर गुरुत्वाकर्षण गाडीला सुमारे २२३ न्यूटनने मागे ओढतं. या वेगाला हवेचा अडथळा साधारण ७० न्यूटन, आणि टायर रस्त्यावर दबत फिरतात त्याचा ४२. एकूण ३३५. म्हणजे १५ दातांवर शिल्लक राहिली ३५ न्यूटन, आणि १४ दातांवर ६२. बल सात टक्क्यांनी वाढलं, पण शिल्लक पाऊणपटीने वाढली! न्यूटनच्या दुसऱ्या नियमातलं त्वरण ठरतं ते या शिलकीवरून. अडथळ्यांशी झुंजण्यात खर्ची पडलेलं बल त्यात धरायचं नसतं. आपल्या पाठीला आणि मुठीला जाणवतो तो "पिकअप" म्हणजे हीच शिल्लक.

चढ आणखी कडक करा, १०० मीटरला १०. आता खर्च ३९० न्यूटन. १५ दातांची गाडी ३७० न्यूटनच देते, म्हणून वेग हळूहळू पडत जातो आणि शेवटी गिअर उतरवावा लागतो. १४ दातांची गाडी ३९७ देते आणि त्याच गिअरमध्ये चढ काढते. एक हरते आणि एक जिंकते, तेही एका दाताच्या फरकाने. हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण गॅरेजमधला अनुभव आणि वहीतलं समीकरण इतकं नेटकं जुळताना क्वचितच दिसतं.

कोणी म्हणेल, मग गिअर उतरवला तर काय बिघडलं? काहीच बिघडत नाही. चौथ्या गिअरचं गुणोत्तर १.२ असेल, तर तिथे बल एका झटक्यात २६ टक्क्यांनी वाढतं, आणि इंजिनाचे फेरेही तेवढेच वाढतात. त्याच ताशी ५० ला पाचव्यात मिनिटाला ३८०० च्या घरात फिरणारं इंजिन चौथ्यात ४८०० च्या जवळ जातं. गिअर म्हणजे मोठ्या उड्या आणि स्प्रॉकेट म्हणजे सगळीच्या सगळी शिडी सात टक्के सरकवणं. महिन्यातून एकदा केरीवरून चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्याने दाताच्या फंदात पडू नये, गिअर उतरवावा. दिवसभर पणजीत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या, आल्तिनोच्या चढावर मागे माणूस घेऊन थांबणाऱ्या-निघणाऱ्या पायलटाचं गणित वेगळं आहे. एक दात कमी केला की त्याला पहिल्या गिअरमध्ये निघतानाही क्लच थोडा कमी घासावा लागतो. घाट उतरताना इंजिनाचा ब्रेकही त्याच सात टक्क्यांनी जास्त लागतो, आणि ओल्या रस्त्यावर तो हवाच असतो.

उलट्या बाजूचा गैरसमज असा, की पुढे १६ दात लावले म्हणजे टॉप स्पीड वाढतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाने. ताशी १०० वरून ११० वर जायचं तर जवळजवळ एकतृतीयांश जास्त शक्ती लागते. ती आणायची कुठून? इंजिन आधीच पूर्ण शक्तीच्या फेऱ्यांवर असेल, तर मोठं स्प्रॉकेट त्याला त्या फेऱ्यांच्या खाली ढकलतं, आणि गाडी पूर्वीपेक्षा हळूही जाऊ शकते. वेर्ण्याच्या पठारावर समोरून वारा असताना पाचव्यापेक्षा चौथ्यात गाडी जास्त पळते, त्याचं कारण हेच.

दात कमी केल्याने ॲव्हरेजही वाढतं, असाही दावा होतो. तो तपासताना एक फसवी जागा आहे. काही गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या दांड्यावर असतो. पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की तो दांडा तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरतो. गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटर १०७ दाखवतं, आणि ४५ चं ॲव्हरेज ४८ वाटू लागतं. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना इंजिन जास्त फेरे घेतं, घर्षण वाढतं आणि पेट्रोल थोडं जास्तच जातं. सेन्सर पुढच्या चाकावर असलेल्या गाड्यांत ही गल्लत होत नाही. पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबकही ॲव्हरेजच्याच नावाने विकलं जातं. इंजिनात शिरलेलं पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच, आणि चुंबकाचा त्याच्या रेणूंवर परिणाम म्हणण्यासारखा काही होत नाही. नव्या गाडीला लटकवलेल्या लिंबू-मिरचीपेक्षा या चुंबकात जास्त विज्ञान नाही. पैसे मात्र जास्त जातात.

दात कमी करण्याची किंमत चेन मोजते. स्प्रॉकेट आपल्याला गोल दिसतं, पण चेनच्या कड्या सरळ असल्यामुळे तिच्यासाठी ते बहुभुज असतं: १५ दातांचं १५ बाजूंचं. कोपरा वर आला की त्रिज्या मोठी, बाजूचा मध्य आला की लहान. म्हणून दांडा एकाच वेगाने फिरत असला तरी चेनचा वेग दर दाताला किंचित कमी-जास्त होतो. १८० अंशांना दातांनी भागायचं, येणाऱ्या कोनाचा कोसाइन १ मधून वजा करायचा, की हा चढउतार मिळतो. १५ दातांना तो २.२ टक्के येतो, १४ ला २.५, १३ ला २.९ आणि १२ ला ३.४. मागच्या ४५ दातांवर तो पाव टक्काही नसतो. प्रत्येक कडी पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना १५ दातांवर २४ अंशांत वाकते, १४ वर जवळजवळ २६ अंशांत. त्रिज्या लहान झाल्यामुळे त्याच टॉर्कला चेनवरचा ताणही सात टक्के जास्त. जास्त ताणाखाली जास्त वाकणं, हजारो वेळा. "चेन ताणली" असं आपण म्हणतो तेव्हा लोखंड लांबलेलं नसतं. आतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजून प्रत्येक कडीत थोडी फट पडलेली असते. हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन घडवली ती हीच झीज मोठ्या पृष्ठभागावर पसरवण्यासाठी, आणि आजही आपल्या गाडीवर तीच रचना आहे.

म्हणून एक दात ठीक. दोन कमी करायचे असतील, तर पुढचं तसंच ठेवून मागचं मोठं केलेलं बरं, मग चेन लांब घ्यावी लागली तरी चालेल. जुन्या चेनवर नुसतं नवं स्प्रॉकेट बसवू नये. वाढलेल्या अंतराच्या कड्या नवे दात लवकर खातात. १५ चे १४ केल्यावर चेन साधारण अर्ध्या कडीने सैल पडते आणि मागचं चाक जवळजवळ ३ मिलिमीटर मागे ओढावं लागतं. ढील गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच ठेवावी, त्याहून घट्ट करू नये. मागे माणूस बसला की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हात, वर जातो, पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येऊ लागतात आणि चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर चेन घट्ट बसवली, तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.