डबल टेपर की वेट फॉरवर्ड? छोट्या ओढ्यासाठी तीन नंबरची फ्लाय लाइन

मासे गरवायच्या फ्लाय लाइनच्या एका खोक्यावर डीटी-3-एफ छापलेलं असतं, दुसऱ्यावर डब्ल्यूएफ-3-एफ. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, आणि आतली गुंडाळी हातात घेतली तरी फरक कळत नाही. मधला आकडा वजनाचा. शेवटचा एफ म्हणजे पाण्यावर तरंगणारी लाइन. घोळ घालतात ती पहिली दोन अक्षरं: डीटी म्हणजे डबल टेपर, डब्ल्यूएफ म्हणजे वेट फॉरवर्ड. हिमाचलात तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे गरवायला जाणारे पुण्या-मुंबईचे मित्र मला हाच प्रश्न विचारतात. मी स्वतः या प्रश्नात एक अख्खा मोसम घालवला आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कोकणात गरवायला बसलेला माणूस गरीच्या वर शिसं बांधतो. शिसं भिरकावलं की ते तंगूस आपल्यामागे ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये ही सोय नाही. गरीवर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, म्हणजे फ्लाय, इतका हलका असतो की तो भिरकावताच येत नाही. म्हणून वजन लाइनमध्येच घातलेलं असतं. आपण फेकतो ती लाइन, फ्लाय नुसती तिच्या शेपटाला धरून जाते. आसूड मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, म्हणूनच हाताचा झटका टोकापर्यंत पोचतो. फ्लाय लाइनचं पुढचं टोक त्याच कारणासाठी निमुळतं करतात. टेपर म्हणतात तो हा.

आता दोघींचा आकार. डबल टेपर म्हणजे लांबच लांब लाटणं: मध्ये सारखी जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. वेट फॉरवर्ड म्हणजे बेडूकमासा. साधारण पहिल्या 30 ते 40 फुटांत सगळं अंग, त्यामागे शेवटपर्यंत बारीक शेपूट. लांब फेक करताना जड डोकं हवेत निघालं की ते बारीक शेपूट सरसर ओढून नेतं. मोठ्या नदीवर, वाऱ्यात, 50-60 फुटांवर फ्लाय टाकायची असेल तर वेट फॉरवर्ड घ्या. तिथे वाद नाही.

ओढ्यावर मात्र हिशेब वेगळा आहे, आणि तो समजायला नंबराचा अर्थ माहीत हवा. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. तीन नंबर म्हणजे 100 ग्रेन, चार नंबर 120, पाच नंबर 140. ग्रेन हे आपल्याला अगदीच परकं माप नाही, इंग्रजी अमदानीत तोळा ठरला तो 180 ग्रेनचाच. म्हणजे तीन नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट अर्ध्या तोळ्याहून थोडे जास्त भरतात, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. हा नियम डबल टेपरला लागू आहे तसाच वेट फॉरवर्डलाही. याचा सरळ अर्थ असा की पहिल्या 30 फुटांत या दोघी जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत. त्यांच्या वाटा वेगळ्या होतात त्या त्यापुढे.

ओढ्यावर आपण 30 फूट लाइन काढतो तरी कुठे?

हे मला उशिरा कळलं. तीर्थनला येऊन मिळणाऱ्या एका ओढ्यात मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. बर्फाचं पाणी, पाय बधिर झालेले. समोर वीस-बावीस फुटांवर एका धोंड्यामागे शांत पाण्याचा खण होता आणि त्यात एक ब्राउन ट्राउट दर मिनिटाला नाक वर काढत होता. मी फेक केली की लाइन त्याच्या अलीकडे सात-आठ फुटांवर वेटोळं होऊन पडायची. सोसायटीच्या मैदानावर हाच रॉड आणि हीच लाइन 40 फुटांवर झकास जात होती. माझ्याकडे होती वेट फॉरवर्ड. दोष आकाराचाच, असं मनाशी ठरवून मी पुढच्या खेपेला डबल टेपर घेऊन गेलो. त्याच ओढ्यावर पुन्हा तेच वेटोळं.

संध्याकाळी खोलीवर टेपने मोजलं. लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा नऊ फुटांचा बारीक तंगूस, म्हणजे लीडर, वजा केला तर रॉडच्या टोकाबाहेर लाइन राहत होती जेमतेम 12 ते 15 फूट. पुढचा भाग निमुळता असल्यामुळे 15 फुटांचं वजन 100 ग्रेनच्या निम्मंही भरत नाही, 45 ग्रेन धरा. म्हणजे पाव तोळा. माझा रॉड होता कडक, फास्ट ॲक्शनचा ग्रॅफाइट. तो पाव तोळ्याने वाकतच नव्हता, आणि न वाकलेला रॉड लाइन पुढे फेकू शकत नाही. लाइन बदलून काहीच साधणार नव्हतं, कारण दोन्हींचे पहिले 15 फूट सारखेच होते. दुसऱ्या दिवशी सोबतच्या मित्राने त्याचा सात फुटी फायबर ग्लासचा रॉड दिला. त्यावर तीच लाइन, लीडर कापून साडेसात फुटांचा केलेला. मनगटाची एक हलकी हालचाल केली, रॉड मुठीपर्यंत वाकल्याचं तळव्याला जाणवलं आणि फ्लाय धोंड्यामागच्या खणात जाऊन बसली.

तेव्हा रॉडबद्दल एवढंच सांगेन. रॉडवरचा 3 हा आकडा त्याला साजेशा लाइनचा असतो. रॉड हाताला किती हलका लागतो याच्याशी किंवा मासा किती किलोचा याच्याशी त्याचा संबंध नाही. ओढ्यासाठी सात ते साडेसात फुटांचा, तीन नंबरचा, मध्यापर्यंत वाकणारा रॉड घ्या. कडक रॉड आधीच घेऊन ठेवला असेल तर त्यावर चार नंबरची लाइन चढवा. जवळच्या फेकीला ती वाढीव वीस टक्के पुरतात.

मग डबल टेपर आणि वेट फॉरवर्ड यांत निवडायचं कशावर? माझं मत डबल टेपरकडे आहे, आणि मुख्य कारण काटकसरीचं. ओढ्यावर लाइनचे पहिले वीस-पंचवीस फूटच दगडांवर घासतात, झुडपांत अडकतात, उन्हाने तडकतात. वेट फॉरवर्डचं डोकं गेलं की लाइन संपली, शेपूट कशाच्याच कामाचं नाही. डबल टेपर उलटी करायची. आतलं टोक कोरं करकरीत निघतं आणि एका पैशात दोन लाइनी होतात. दुसरं कारण रोल कास्टचं. मागे झाडी असली की लाइन मागे फेकता येत नाही, पाण्यावरूनच गुंडाळत पुढे न्यावी लागते. ओढा मध्येच रुंद झाला आणि 40 फुटांची गरज पडली तर डबल टेपरचं जाड अंग पुढच्या लाइनला ढकलत नेतं. वेट फॉरवर्डचं बारीक शेपूट तिथे हात टेकतं.

डबल टेपरची अडचण एकच, पण खरी आहे: ती जागा फार खाते. छोट्या रीळवर अख्खी 80-90 फुटांची लाइन आणि खाली बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेला बारीक दोरा, मावत नाही. कित्येक जण ती मधोमध कापून अर्धीच चढवतात आणि उरलेली अर्धी जपून ठेवतात. ओढ्यावर 40-45 फूट पुरून उरतात.

वेट फॉरवर्ड घेणार असाल तर खोक्याची मागची बाजू नक्की वाचा. आजकालचे कडक रॉड वाकावेत म्हणून काही वेट फॉरवर्ड लाइनी मुद्दामच जड करतात. वर तीन लिहिलेलं, मागे पहिल्या 30 फुटांचं वजन 115 किंवा 120 ग्रेन. ती खरी चार नंबरची लाइन झाली. मऊ रॉडवर ती धपकन पडते आणि उथळ पाण्यातला ट्राउट पळतो. कडक रॉडवर मात्र तीच नेमकी बसते. त्यामुळे दोन मित्र एकाच लाइनबद्दल अगदी उलट मतं देतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते. मी लाइन उलटी करतो ती याच दिवसांत. रीळवरून पूर्ण काढायची, कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायची, फडक्याने पुसायची. मग एका हाताच्या दोन बोटांतून सावकाश सरकवत न्यायची. तडा डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. जिथे खरखर लागेल ते टोक आता आत, बॅकिंगकडे. नव्या टोकाला रीळवर राहून वेटोळ्यांची सवय झालेली असते, ती दोन्ही हातांत धरून हात-हातभर हलकेच ताणली की जाते. शेवटी रीळच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख घालून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी हीच बाजू दुसऱ्यांदा उलटी केली जाणार नाही.