मापाला जुना ब्लाऊज नको, तुम्ही स्वतः या
पन्नाशीपुढच्या ताई-वहिनींसाठी आमच्या शिलाई दुकानाचं माहितीपत्रक

नमस्कार.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक वहिनी पिशवीतून ब्लाऊजपीस काढतात, त्यावर एक जुना ब्लाऊज ठेवतात आणि म्हणतात, "हा मापाला. अगदी असाच शिवा." तो ब्लाऊज आठ-दहा वर्षांपूर्वीचा असतो. त्या वेळी तो छान बसायचा, म्हणूनच तर जपून ठेवलेला असतो.

पूर्वी आम्हीही काही न विचारता तो ठेवून घ्यायचो. एका वहिनींच्या मुलाचं लग्न होतं, त्यांचे सहा ब्लाऊज आम्ही असेच मापाच्या ब्लाऊजवरून शिवले. घालून बघितले तर एकही बसेना. छाती-कंबर बरोबर होती, पण मागचा गळा मानेपासून उचललेला आणि पुढून ब्लाऊज लोंबत होता. लग्न चार दिवसांवर. सहाच्या सहा उसवून पुन्हा शिवले, तरी दोन ब्लाऊजना कापडच पुरलं नाही. त्या वहिनी रागावल्या नाहीत, पण मुलाच्या लग्नात मनासारखा ब्लाऊज मिळाला नाही ही रुखरुख त्यांना राहिली आणि आम्हालाही. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या बाईचं माप आम्ही अंगावरच घेतो.

अंगात नेमकं काय बदलतं?

वजन वाढलं की ब्लाऊज घट्ट होतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण वजन तेवढंच राहिलं तरी या वयात अंगाची ठेवण बदलते. पाळी गेल्यावर चरबी कंबरेभोवती आणि पोटावर साठू लागते. खांदे थोडे पुढे येतात, पाठ जराशी बाकदार होते. पाठ बाकली की मागची उंची जास्त लागते आणि पुढची कमी. हा फरक अर्ध्या-पाऊण इंचाचा असतो, पण ब्लाऊज "अंगावर बसत नाही" असं वाटतं ते त्यामुळेच. आरशात पुढूनच बघतो आपण, म्हणून मागचा गळा उचललेला आपल्याला दिसत नाही. तो दिसतो मागच्या रांगेत बसलेल्यांना.

दंडाचा घेरही वाढतो. मग बायका सांगतात, "मुंढा मोठा ठेवा, हात मोकळा हलला पाहिजे." ही समजूत उलटी आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खाली उतरवला की हात वर करताना सगळा ब्लाऊज वर ओढला जातो. मुंढा बगलेजवळ ठेवून बाहीला रुंदी दिली, तर वरच्या फळीवरची बरणी काढतानाही ब्लाऊज जागचा हलत नाही. बाही कोपरापर्यंत ठेवली तर दंड झाकतो आणि साडीही भारदस्त दिसते.

खांदा धरलेला असेल तर आधी सांगा, लाजू नका. या वयात तो त्रास बऱ्याच बायकांना होतो, मधुमेह असेल तर जास्तच. अशा वेळी मागचे हूक किंवा बाजूची चेन नको. हूक पुढे घेऊ, थोडे मोठे लावू. बोटं आखडत असतील तर टिचबटणं लावून देऊ. पाळी जाताना अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो. त्यासाठी अस्तर सुतीच हवं. कटिंगच्या आदल्या रात्री आम्ही ते पाण्यात भिजत घालतो, म्हणजे पहिल्या धुण्यात ब्लाऊज आटत नाही.

नवीन घेण्याआधी कपाट उघडा

आम्ही शिलाईवर जगतो, तरीही सांगतो: आधी जुने ब्लाऊज घेऊन या, मापाला नव्हे, वाढवून घ्यायला. ब्लाऊज उलटा करा आणि बाजूची शिवण बघा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं त्याला आम्ही माया म्हणतो. दोन्ही बाजूंच्या शिवणींच्या मिळून चारही कडांना एकेक इंच माया असेल, तर प्रत्येक कडेचा अर्धा इंच सोडता येतो आणि घेर दोन इंचांनी वाढतो. एवढ्यात पाच-सात वर्षांची वाढ मावते. माया नसेल तर बगलेत त्याच रंगाचा चौकोनी तुकडा घालतो. आजोबांच्या बंडीला असायचा तो चौबगला. हात खाली असताना तो दिसतसुद्धा नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. उसवल्यावर आतलं कापड गडद निघतं, कारण बाहेरचं उन्हा-धुण्यानं फिकं झालेलं असतं. रेशमावर जुन्या टाक्यांची भोकंही दिसतात. बगलेखाली ते खपून जातं, छातीवर नाही. म्हणून काय होईल आणि काय नाही, ते कापड हातात घेतल्याशिवाय आम्ही सांगत नाही.

हिशोब करून बघा. 1,500 रुपयांची नवी साडी वर्षात दोनदा नेसली तर एका वेळेला 750 रुपये पडतात. 400 रुपये घालून कपाटातली साडी पुन्हा वापरात आणली आणि वर्षात दहा वेळा नेसली, तर पडतात 40.

सगळ्या साड्यांना पाच ब्लाऊज

प्रत्येक साडीला तिच्यातलाच ब्लाऊज हवा हा हट्ट सोडला की खर्च एकदम उतरतो. काळा, मरून, गडद हिरवा, फिका सोनेरी आणि एक खणाचा, असे पाच ब्लाऊज अंगावर नीट बसणारे असले तर इरकलपासून साध्या सुती साडीपर्यंत बहुतेक सगळ्या साड्या भागतात. खणाचा तर आपल्याकडे कोणत्याही साडीवर उठून दिसतो. पैसे साडीवर कमी आणि ब्लाऊजच्या शिलाईवर जास्त घाला, असं आम्ही मनापासून सांगतो. स्वस्त साडी आणि बसलेला ब्लाऊज ही जोडी महागाची साडी आणि उचललेला गळा यापेक्षा कधीही सरस दिसते.

नवरात्रात नऊ रंगांसाठी नऊ साड्या घेणाऱ्या आहेत. अंबाबाईला जाताना त्या दिवसाचा रंग अंगावर असावा, ही हौस आम्हालाही आहे. पण लाल काठाची हिरवी साडी लाल ब्लाऊजवर लाल दिवशी चालते आणि हिरव्या ब्लाऊजवर हिरव्या दिवशी. रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, साड्या मात्र त्याच चालतात.

परकराकडे कुणी बघत नाही

साडी जाड दिसते ती पुष्कळदा परकरामुळे. नाडी करकचून बांधली की पोट वर-खाली विभागतं, निऱ्या फुगतात आणि कंबरेवरची कातडी काळी पडते. नाडीच्या जागी दोन-अडीच इंच रुंद पट्टा आणि बाजूला हूक लावून घ्या. घेर खाली ठेवा, कंबरेला चुण्या नकोत. कापड सुतीच घ्या, सॅटिनवरून साडी घसरते. सुती साडीला खळही हलकीच द्या. कडक खळीची साडी पोटापासून लांब उभी राहते.

जुन्या साडीचा कुर्ता

पाच-साडेपाच मीटरच्या साडीत दोन कुर्ते सहज निघतात, काठ बाह्यांना आणि खालच्या घेराला लावता येतात. आईची साडी असेल तर कापायला हात धजत नाही, ते आम्हाला कळतं. एक आजी आईची जांभळी इरकल घेऊन तीनदा येऊन परत गेल्या होत्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा आम्ही साडी खिडकीच्या उजेडात धरली. घडीच्या रेघांवर विरलेली होती, पदर आणि काठ मात्र धडधाकट. पदराची ओढणी केली, काठ साध्या सुती कुर्त्याला लावले, विरलेला भाग गोधडीसाठी परत दिला. तुम्हीही हेच करून बघा: कापड उजेडात धरा, घडीजवळ दोन बोटांनी हलकेच ताणा. कर्र आवाज आला तर शिवायला देऊ नका, तुमची मजुरी वाया जाईल. उरलेल्या रेशमी साड्या प्लास्टिकमध्ये न ठेवता सुती कापडात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला.

दागिने आणि चप्पल

ठुशी गळ्यालगत बसते, तेव्हा पुढचा गळा थोडा खोल हवा, नाहीतर काठ आणि ठुशी एकमेकांत अडकतात. कोल्हापुरी साज लांब असतो, तो बंद गळ्यावरही शोभतो. कोल्हापुरी चप्पल घेताना उलटी करून बघा, अस्सल चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, खिळा दिसत नाही. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पावसात घालू नका, आणि फॉल लावायला साडी द्याल तेव्हा त्यावर घालायची चप्पल सोबत आणा, उंची चुकणार नाही.

केव्हा यायचं?

नवरात्राचे ब्लाऊज गणपतीआधी टाका, लग्नाचे तुळशीच्या लग्नाआधी. घाईत आमच्याही हातून चुका होतात. माप द्यायला येताना रोज घालता तीच अंतर्वस्त्रं घालून या, नवी नकोत. दुपारी 12 ते 4 गर्दी कमी असते, बसून बोलता येतं. सोमवारी दुकान बंद. दर दुकानातल्या फळ्यावर लिहिले आहेत, उसवण्याचे वेगळे पैसे नाहीत. पहिला ब्लाऊज कच्च्या टाक्यांवर घालून दाखवू, हात वर करून, वाकून, बसून बघा. पटला की मगच बाकीचे कापू.