मारखोर कोणाचा? चित्राल ते तोरघर, एका डोंगरी शिकारीची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये पाकिस्तानातल्या चित्राल जिल्ह्यात, तोशी-शाशाच्या कड्यांवर एका अमेरिकी शिकाऱ्यानं एक मारखोर, म्हणजे पाकिस्तानचा राष्ट्रीय प्राणी असलेली जंगली शेळी, मारला. त्या एका जनावराच्या परवान्यासाठी लिलावात २ लाख ७१ हजार डॉलरची बोली लागली होती. आपल्या हिशेबानं सव्वादोन कोटींच्या वर. बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: श्रीमंतांचे चोचले, राष्ट्रीय प्राण्याची विक्री, वगैरे. त्या अगदी निराधार नाहीत. पण एवढी रक्कम का मोजली जाते आणि ती कोणाच्या हातात पडते, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

मारखोर ही जंगली शेळ्यांमधली सर्वांत दणकट जात. नर शंभर किलोंपर्यंत भरतो, छातीवर झुपकेदार आयाळ असते आणि शिंगांना पीळ असतो. चित्राल-गिलगिटकडे हा पीळ मोकळा आणि ऐसपैस, तर बलुचिस्तानात शिंग सरळ आणि पीळ स्क्रूसारखा आवळलेला. या शिंगांनीच त्याचा घात केला. शास्त्रीय नावातलं 'फाल्कोनेरी' हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या ह्यू फाल्कनर यांच्या नावावरून आलेलं.

मारखोरावर पहिला हक्क सांगितला तो संस्थानिकांनी. चित्रालचा शासक, ज्याला तिथं मेहतर म्हणतात, त्याची चित्राल गोल ही दरी खासगी शिकारगाह होती. रयतेनं तिथं बंदूक उचलायची नाही, हा साधा नियम. आज त्या दरीत मारखोर टिकून आहे त्यात या राजेशाही मक्तेदारीचा मोठा वाटा आहे, हे लोकशाहीवाद्यांना कितीही खटकलं तरी खरं आहे.

मग इंग्रज आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रावळपिंडी-पेशावरच्या छावण्यांतले लष्करी अधिकारी रजा काढून काश्मीर, अस्तोर, बाल्टिस्तानकडे निघत. वसंतात बर्फ वितळायच्या आत चार हजार मीटरांवरची बुर्झिल खिंड ओलांडायची घाई असे, कारण संकेत असा होता की ज्या साहेबाचा तंबू नाल्यात, म्हणजे डोंगरातल्या बाजूच्या दरीत, आधी पडला, त्या मोसमापुरता तो नाला त्याचा. त्यामुळे शिकारीआधी शर्यतच लागे. तंबू, शिधा, बंदुका वाहायला हमाल आणि सोबत एक स्थानिक शिकारी. जनावर शोधायचा तो, वारा ओळखायचा तो, साहेबाला दोरानं वर ओढायचा तो. साहेबानं फक्त चाप ओढायचा. शिकाऱ्याला महिन्याचे काही रुपये आणि जाताना एक शिफारसपत्र मिळे. गिलगिटच्या वाटेवरची बेगार, म्हणजे सक्तीची हमाली, तर काश्मिरी शेतकऱ्याच्या उरात धडकी भरवणारी होती. लष्कराचा रसदपुरवठा तिच्यावरच चालायचा आणि माणसं परत येतीलच याची खात्री नसे.

पुढे काश्मीर दरबारानं शिकारीसाठी वेगळं खातं काढलं. परवाना, हंगाम, जनावरांची मर्यादा, शिंगांची किमान लांबी असे नियम आले. या काळाच्या नोंदी मुंबईतही सापडतात. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सुरुवातीचे बरेच सभासद शिकारी होते. काश्मीरच्या शिकारीतले जाणते कर्नल वॉर्ड यांची तिथल्या प्राणी-पक्ष्यांवरची लेखमाला सोसायटीच्याच नियतकालिकात, १९२० च्या दशकात आली. शिंगांची मापं टिपणाऱ्या या साहेबांनीच मारखोर कुठे, किती आणि कसा राहतो याची पहिली नीट माहिती ठेवली.

फाळणीनंतर संस्थानं हळूहळू विरली. १९६९ मध्ये चित्राल पाकिस्तानच्या प्रशासनात पूर्णपणे सामावलं आणि मेहतराचा धाक संपला. त्याच्या जागी आलेल्या सरकारी खात्याकडे दोन-चार रखवालदार आणि शेकडो चौरस किलोमीटरचे कडे. १९७० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर इथले डोंगर पायी हिंडले, तेव्हाच कळप विरळ झालेले होते. मग १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. सीमेवरच्या टोळ्यांत जुन्या बंदुकांच्या जागी कलाश्निकोव्ह आल्या. पूर्वी एका गोळीनंतर कळप पळून जाई, आता पळायलाही उसंत उरली नाही. मटणासाठी अख्खा कळप एका सकाळी आडवा करणं शक्य झालं. मारखोर आता कोणाचाच नव्हता, म्हणजे पहिल्या येणाऱ्याचा होता.

सरकारनं १९८३ पासून चित्रालमध्ये परदेशी शिकाऱ्यांना मोजके परवाने देऊन पाहिले. पण पैसा सरकारी तिजोरीत जाई. ज्या गावाच्या डोक्यावरचा कडा, त्या गावाला काहीच नाही. गावकऱ्यानं चोरटी शिकार का थांबवावी, याला उत्तर नव्हतं. १९९१ मध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीवर बंदीच आली.

खरा बदल घडला तो दूर बलुचिस्तानात. किल्ला सैफुल्ला जिल्ह्यातल्या तोरघर डोंगरात १९८० च्या दशकाच्या मध्याला सरळ शिंगांचे मारखोर शंभराच्या आत उरल्याचा अंदाज होता. तिथले पश्तून सरदार नवाब तैमूर शाह जोगेझई यांनी अमेरिकी वन्यजीवतज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि टोळीपुढे सौदा ठेवला: तुम्ही सगळ्यांनी शिकार थांबवायची, तुमच्यातल्याच पटाईत शिकाऱ्यांना पगारी रखवालदार नेमायचं आणि पगार निघणार वर्षाला एखाद-दुसऱ्या परदेशी शिकाऱ्याच्या फीमधून. आरंभी हे रखवालदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. १९९४ च्या पाहणीत तिथं सुमारे ७०० मारखोर मोजले गेले. मला या सगळ्या कहाणीत हा सौदा सर्वांत विलक्षण वाटतो. तो कोणत्याही परिषदेत ठरला नाही, सरदाराच्या शब्दावर ठरला. उत्तरेकडे गिलगिटजवळच्या नगर भागातल्या बार खोऱ्यातही १९९० च्या सुमारास आयबेक्स या दुसऱ्या जंगली शेळीबाबत अशीच बोलणी झाली, तिथं मध्यस्थ डब्ल्यूडब्ल्यूएफ ही वन्यजीवसंस्था होती.

अडचण एकच उरली. मारखोर 'साइटीस' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात असल्यामुळे शिकाऱ्याला शिंगं मायदेशी नेणं जवळजवळ अशक्य होतं आणि शिंगं मिळणार नसतील तर कोण कशाला पैसे मोजेल? १९९७ मध्ये हरारेच्या बैठकीत पाकिस्तानला वर्षाला ६ मारखोरांचा कोटा मिळाला. २००२ मध्ये सांतियागोत तो १२ झाला. साधारण वाटणी बलुचिस्तान, खैबर पख्तुनख्वा आणि गिलगिट-बाल्टिस्तान यांना चार-चार अशी. उत्पन्नाचे ८० टक्के गावाच्या समितीला आणि २० टक्के सरकारला, हे सूत्र रूढ झालं. अमेरिकेनं २०१४ मध्ये सरळ शिंगांच्या मारखोराला धोक्याच्या वरच्या यादीतून एक पायरी खाली आणलं, तेव्हा तिथल्या शिकाऱ्यांना वाट आणखी मोकळी झाली. कोटा तेवढाच, गिऱ्हाईक वाढलेलं, त्यामुळे लिलावातले आकडे चढतच गेले. गिलगिट-बाल्टिस्तानात २०१९ मध्ये १ लाख १० हजार डॉलर हा विक्रम होता, आज तो किरकोळ वाटतो.

प्रत्यक्ष शिकार मात्र साहेबांच्या काळापेक्षा फारशी बदललेली नाही. इथं मचाण नाही, हाका नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नर माजावर येतात, माद्यांमागे खाली उतरतात आणि वरून बर्फ त्यांना आणखी खाली रेटतं; म्हणून हंगाम कडाक्याच्या थंडीतला. गावचा वाटाड्या पहाटेपासून समोरच्या कड्यावर दुर्बीण लावून बसतो. शिंगांवरच्या वर्षागणिक वळ्या आणि आयाळीची ठेवण पाहून म्हातारा नर ठरवायचा, कारण परवाना फक्त त्याचाच. वन्यजीव खात्याचा माणूस सोबत असतो. मग वारा तोंडावर घेत सुट्या दगडांच्या घसरणीवरून तासन्‌तास चढायचं आणि दोनशे-तीनशे मीटरांवरून एक गोळी. नेम चुकून जनावर जखमी झालं तरी परवाना संपला असंच धरतात. एवढे डॉलर साठेपर्यंत बहुतेकांचे गुडघे गेलेले असतात, त्यामुळे वाटाड्यांचा निम्मा जीव जनावरापेक्षा पाहुण्यात अडकलेला असतो. मांस गावात वाटलं जातं. पाहुणा शिंगं आणि कातडं नेतो.

आकडे या पद्धतीच्या बाजूनं बोलतात. २०१५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेनं मारखोराला 'संकटग्रस्त' मधून 'संकटसमीप' गटात आणलं. त्याचं श्रेय एकट्या शिकारीला देता येणार नाही, पण ज्या खोऱ्यांत गावाला वाटा मिळाला तिथं वाढ ठळक दिसते. ताजिकिस्ताननंही पुढे हाच मार्ग धरला. मारखोर वाढले तसा त्यांच्यावर जगणाऱ्या हिमबिबट्यालाही आधार मिळाला.

भारतानं दुसरी वाट घेतली. आपल्याकडे शिकार कायद्यानं बंद आहे आणि मारखोर उरलाय तो काश्मीरमध्ये काझीनाग, हिरपोरा अशा मोजक्या ठिकाणी, काहीशेच्या संख्येत. तिथं चोरट्या बंदुकीइतकाच त्रास ताबारेषेवरचं काटेरी कुंपण, उन्हाळ्यात वर चढणारे बकरवाल या भटक्या मेंढपाळांचे कळप आणि अभयारण्यातून गेलेला मुघल रोड यांचा आहे. परवाना विकून यातलं काहीच सुटणार नाही. त्यामुळे 'पाकिस्तानला जमलं, आपल्याला का नाही' हा प्रश्न मला उथळ वाटतो.

तिकडेही सगळं आलबेल नाही. सर्वांत मोठ्या शिंगांचे नर वर्षानुवर्षं काढत राहिल्यानं पुढच्या पिढ्यांची शिंगं खुजी होतील का, हा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. जिथं लिलाव होत नाही अशी खोरी रुसलेली असतात. मारखोर उन्हाळ्यात एका दरीत चरतो आणि हिवाळ्यात दुसऱ्या दरीत उतरतो. पैसे मात्र जिथं गोळी लागली त्याच गावाला. वरच्या गावानं वर्षभर कुरणं राखायची आणि डिसेंबरातला धनादेश खालच्या गावानं घ्यायचा, यावर तंटा होणारच.