जुनी रोड बाईक घेताय? पैसे द्यायच्या आधी एवढं बघा

रंकाळ्यावर सकाळी वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या सायकली बघून बरेच जण आमच्या सायकलच्या दुकानात येऊन विचारतात, पहिलीच रोड बाईक आहे, जुनी घेतली तर चालंल काय? चालंल की. आम्ही तर म्हणतो पहिली जुनीच घ्या, फक्त रंग बघून घेऊ नका.

आधी साइज. फ्रेमवर 52, 54, 56 असा आकडा असतोय, तो सेंटीमीटरमधला. साडेपाच फुटाच्या माणसाला साधारण 52 ते 54 लागतो, पण कंपनीगणिक फरक पडतोय म्हणून बसूनच बघा. सीट वर-खाली होती, हँडलची दांडी बदलता येती, फ्रेम मात्र आहे तेवढीच राहणार. स्वस्तात मिळाली म्हणून मोठी घेतली की महिन्यात पाठ धरती आणि सायकल जिन्याखाली जाती, असं होताना बघून आम्हाला लई वाईट वाटतं.

आता कोल्हापूरचा खास मुद्दा, पुराचा. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं, त्यात राहिलेली सायकल धुवून पुसून नव्यासारखी दिसू शकती, पण गाळ आत चाकाच्या मधल्या हबमध्ये, पायडलच्या बेअरिंगमध्ये बसलेला असतोय. म्हणून चाक काढून उचला, एक्सल म्हणजे मधला दांडा बोटांत धरून हळू फिरवा, छर्रे खरखरले तर हाताला लगेच कळतंय. मग सीटची नळी पूर्ण बाहेर काढायला लावा आणि मोबाईलचा टॉर्च मारून फ्रेमच्या आत बघा, गंज किंवा सुकलेला गाळ दिसला तर सोडा. नळी निघतच नसंल तरी सोडा, अडकलेली काढताना फ्रेम खराब होऊ शकती.

चेन मोजायला साधी फूटपट्टी पुरती. नव्या चेनचे 24 पिनांचे टप्पे बरोबर 12 इंच भरतात. शेवटची पिन 12 इंचाच्या 1/16 इंच पुढं गेली असंल तर चेन बदलायची, 1/8 गेली असंल तर मागची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरची दात्यांची चक्रं, गेली समजा आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. जोतिबा, पन्हाळा चढायचा विचार असंल तर मागचं मोठं चक्र 28 पेक्षा 32 दात्यांचं बरं, सुरुवातीला गुडघ्यांवर ताण कमी पडतोय.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवा, हँडलखाली खटखट नको. हेडच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीच्या मागं, खालच्या नळीवर रंग सुरकुतलेला किंवा तडकलेला असंल तर समोरून धडक बसलेली असू शकती. चाक जरा आऊट, म्हणजे फिरताना डुलत असंल तर घाबरू नका, आऊट काढता येतंय, पण ब्रेक लागतो तिथं रिम आत खोलगट झिजली असंल तर रिमच बदलावी लागती. टायरला भेगा असल्या तर टायरचे पैसे वेगळे धरा. आणि कार्बन फ्रेम पहिल्यांदा जुनी घेऊच नका, आतली चीर नुसत्या डोळ्यानं दिसंलच असं नाही.

पायडलच्या खाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतोय, तो पावतीवर लिहून घ्या, विकणाऱ्याची सही घ्या. नंबर घासलेला असंल तर व्यवहार करू नका, सायकल कितीबी आवडली तरी.

विकणाऱ्याला घेऊन दुकानात आलात तर आम्ही सगळं तुमच्यासमोर खोलून दाखवतो, अर्धा तास लागतोय. येताना पायात रोज चालवताना घालणार तेच बूट घाला, सीटची उंची त्याच्यावरच लावायची असती.