हम आणि हिस: मिक्सरमधले दोन नॉईज, दोन वेगळे इलाज

मिक्सरमधून नको तो आवाज येऊ लागला की बहुतेकांचा हात आधी इक्वलायझरकडे जातो. घुमतंय वाटलं तर लो कमी, सळसळ वाटली तर हाय कमी. नॉईज थोडा दबतो, पण त्याच्याबरोबर गाणाऱ्याच्या आवाजातला भरदारपणा किंवा शब्दांचा स्पष्टपणाही जातो, आणि मूळ बिघाड जिथे होता तिथेच राहतो. इक्वलायझरला हात लावण्याआधी एकच प्रश्न सोडवायला हवा: ऐकू येतंय ते हम (सलग घुमणारा सूर) आहे की हिस (सलग सळसळ)?

दोन्ही सलग चालू राहतात, दोन्ही शांत क्षणी जास्त टोचतात, म्हणून त्यांची गल्लत होते. पण त्यांची मुळं अगदी वेगळी आहेत. हम बाहेरून येतो. विजेच्या लाइनमधली फ्रिक्वेन्सी केबल, शिल्ड (केबलच्या आतल्या वायरींभोवतीचं धातूचं जाळीदार आवरण) नाहीतर अर्थिंगच्या वाटेने सिग्नलमध्ये शिरते. हिस सर्किटच्या आतच तयार होतो, आणि गेन (येणारा सिग्नल सुरुवातीलाच वाढवणारा नॉब), फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी), मास्टर (सगळ्या चॅनलचा एकत्र आवाज ठरवणारा फेडर) यांची मांडणी चुकली की मोठा होतो. म्हणून हम शोधायचा तो वायरिंगमध्ये, आणि हिस शोधायचा तो नॉबमध्ये. हे उलटं केलं की तासन् तास केबल बदलूनही हिस जात नाही, आणि कितीही गेन फिरवला तरी हम हटत नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे सूर. हमला सूर असतो. त्याच्याबरोबर सूर लावून गुणगुणता येतं. वीज 50 हर्ट्झची असेल तर हम 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, म्हणजे 100, 150, 200 असा येतो; 60 हर्ट्झची असेल तर 60, 120, 180. लहान स्पीकरमधून 50 हर्ट्झ जवळपास निघतच नाही, तिथे कानाला लागतात ते 100 आणि 150. म्हणून 'इतका वरचा आवाज हम कसा असेल' असं वाटून फसू नका. हिसला मात्र सूर नसतो. सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम मिसळलेल्या असतात, आणि कानाला वरचा भाग जास्त जाणवतो म्हणून तो 'श्शऽऽ' असा ऐकू येतो. कानावर भरवसा नसेल तर फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप उघडा. हम ठराविक अंतरावर उभ्या सुयांसारखा दिसेल, हिस सलग पसरलेल्या पट्ट्यासारखा.

ओळख पटली की जागा शोधायची. सगळ्या चॅनलचे फेडर खाली आणा, मास्टर नेहमीच्या जागी ठेवा. नॉईज गेला तर तो एखाद्या चॅनलमधून येत होता. फेडर एकेक करून वर न्या, तो चॅनल स्वतःच सापडेल. नॉईज तसाच राहिला तर मास्टरही खाली घ्या. तरीही येत असेल तर तो मास्टर फेडरच्या पुढे आहे: मिक्सरपासून अॅम्प्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकरपर्यंतच्या जोडणीत, नाहीतर खुद्द अॅम्प्लिफायरमध्ये. इथपर्यंत एकही केबल काढावी लागत नाही. यापुढे काढावी लागली तर आधी स्पीकरचा आवाज पूर्ण बंद करा, नाहीतर होणाऱ्या धडाक्याने स्पीकरमधल्या हॉर्नचा ड्रायव्हर (वरचे सूर काढणारा नाजूक भाग) जळू शकतो.

आता हम. त्याचं सर्वात नेहमीचं कारण ग्राउंड लूप. मिक्सर एका सॉकेटवर, लॅपटॉप किंवा पॉवर्ड स्पीकर दूरच्या दुसऱ्या सॉकेटवर. दोघांनाही विजेचं अर्थिंग आहे, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबलची शिल्डही आहे. झाला बंद वळसा. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असतोच, आणि त्यामुळे शिल्डमधून करंट वाहू लागतो. केबल अनबॅलन्स्ड असेल, म्हणजे साधा मोनो जॅक किंवा आरसीए, तर तिची शिल्ड हीच सिग्नलची परतीची वायर असते. त्यामुळे तो फरक थेट सिग्नलमध्ये मिसळतो. बॅलन्स्ड एक्सएलआर केबलमध्ये 1 नंबरच्या पिनवर शिल्ड असते, 2 वर सिग्नल आणि 3 वर तोच सिग्नल उलटा. इनपुट या दोघांमधला फरक घेतं, त्यामुळे दोन्हींवर सारखाच चढलेला हम आपोआप वजा होतो. लांब पल्ल्याला बॅलन्स्ड केबलच वापरायची, यामागे एवढं साधं कारण आहे.

तपासायला पहिला प्रयोग लॅपटॉपचा. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. नॉईज तत्क्षणी गेला तर कारण ग्राउंड लूपच असण्याची शक्यता जास्त. मग उपाय दोन: सगळी यंत्रं एकाच सॉकेटच्या फळीवरून चालवा, लोड झेपणार असेल तर, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला देणारी छोटी पेटी) घाला. ट्रान्सफॉर्मरमध्ये सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याची सलग वाट राहत नाही. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबलं की ऑडिओ शिल्डची जोडणी तुटते आणि वळसा उघडतो.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायलाच हवी. ग्राउंड लिफ्ट ऑडिओच्या बाजूला करायचं असतं. थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढली किंवा तिला टेप गुंडाळली तरी हम जातो, आणि नेमकं म्हणूनच ही युक्ती एकमेकांना सांगितली जाते. पण त्या यंत्रात आत कुठे फेज बॉडीला लागला तर ती बॉडी, शिल्ड आणि माइकची जाळी सगळंच जिवंत होतं. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, अशा स्थितीत माणसाचा जीव जाऊ शकतो. हम राहिला तर कार्यक्रम थोडा वाईट ऐकू येतो, इतकंच. अर्थची पिन कोणीही, कधीही काढू नये.

ग्राउंड लूपशिवाय हमची आणखी कारणं आहेत, ती पटकन सांगतो. केबल हलवल्यावर हम खरखरत कमी-जास्त होत असेल तर शिल्ड तुटली आहे, केबल बदला. गिटार फिरवल्यावर हम बदलत असेल तर तो सिंगल कॉइल पिकअपने (तारांची थरथर टिपणाऱ्या, एकाच गुंडाळीच्या चुंबकी भागाने) हवेतून उचलला आहे. लाइटचा डिमर वरखाली करताना चिरका 'झर्रऽऽ' येत असेल तर माइकच्या केबल वीज नेणाऱ्या केबलपासून दूर न्या, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. हायपास फिल्टर (ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचे सूर दाबणारा) 80 किंवा 100 हर्ट्झवर लावला तर 50 हर्ट्झ बऱ्यापैकी दबतो, पण 150 आणि त्यावरचे तसेच निसटतात. तो इलाज नव्हे, तात्पुरती मलमपट्टी आहे.

हिसची गोष्ट निराळी. तो पूर्ण घालवता येत नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय तो आटोक्यातही येत नाही. कोणत्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनची अविरत हालचाल चालू असते आणि तिचं सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. जॉन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने ते मोजलं, नायक्विस्ट या अभियंत्याने त्याचं गणित मांडलं; दोघांचे लेख 1928 साली प्रसिद्ध झाले. 150 ओहमच्या स्रोताचा असा नॉईज, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे उणे 131 डीबीयू भरतो (डीबीयू हे सिग्नलच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप; आकडा जितका उणे, तितका नॉईज कमी). चांगल्या मिक्सरच्या माइक प्रीअॅम्पचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा) नॉईज उणे 127 ते 129 च्या आसपास असतो, म्हणजे निसर्गाच्या मर्यादेपासून फक्त दोन-चार डेसिबल दूर. त्यामुळे हिस ऐकू आला की 'मिक्सर स्वस्तातला आहे' हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. कमी असतो तो सिग्नल.

नेहमीची चूक अशी. पीकचा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा लागू नये या भीतीने गेन फार खाली ठेवला जातो. समजा 20 डेसिबल कमी. आवाज पुरत नाही, म्हणून फेडर पूर्ण वर जातो. पण बहुतेक मिक्सरच्या फेडरमध्ये शून्याच्या खुणेच्या वर 10 डेसिबलच उरलेले असतात. बाकीचे 10 मास्टर किंवा अॅम्प्लिफायरमधून काढले जातात. आता वाढलाय तो फक्त गाणाऱ्याचा आवाज नाही. सगळ्या चॅनलचा आणि मिक्सिंगच्या सर्किटचा नॉईजही त्याच्याबरोबर 10 डेसिबल वर आलाय. म्हणून उलट करा. फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा (तळाला नव्हे), कलाकाराला खऱ्या जोरात गायला सांगा, पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल दाखवणारं बटण) दाबून मीटर बघत गेन वाढवा. सरासरी मीटरच्या शून्याजवळ हवी, डिजिटल मिक्सरवर उणे 18 च्या आसपास, आणि जोरातल्या सुरांनाही लाल दिव्यापर्यंत मोकळी जागा राहिली पाहिजे. त्यानंतर अॅम्प्लिफायर लागेल तेवढाच उघडा.

गेनच्याही आधीचा नॉब म्हणजे माइक आणि तोंड यांतलं अंतर. खुल्या जागी अंतर निम्मं केलं की सिग्नल सुमारे 6 डेसिबल वाढतो, आणि त्यात हिसची भर शून्य असते. फोनवरून ट्रॅक वाजवताना फोनचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणि चॅनलचा गेन टोकाला, हेही हिसचं हमखास कारण. फोन बराच वर न्या, गेन खाली घ्या.

दोघांची बेरीजही वेगवेगळ्या रीतीने होते, आणि मला हा फरक सर्वात उपयोगी वाटतो. हिस प्रत्येक चॅनलचा स्वतंत्र असतो, म्हणून सारखे चॅनल दुप्पट झाले की तो 3 डेसिबल वाढतो; एकाचे दहा चॅनल उघडले तर 10 डेसिबल. हम सगळीकडे एकाच विजेतून आलेला असतो, त्यामुळे फेज (लहरींचे चढउतार) जुळली तर दुपटीला 6 डेसिबलपर्यंत वाढतो. दोन्ही कारणांनी वापरात नसलेले माइक म्यूट ठेवलेच पाहिजेत.

दोन्ही एकदम असतील तर आधी हम घालवा. मोठ्या हमखाली हिस झाकला जातो, आणि केबल बदलल्यावर 'नवीनच आवाज आला' असं वाटतं; तो आधीपासूनच तिथे होता. नॉईज गेट (सिग्नल ठराविक पातळीखाली गेला की चॅनल बंद करणारं यंत्र) शेवटी लावा, किंवा नकोच. गाणारा थांबला की गेट दोन्ही नॉईज बंद करतो, पण तो गाऊ लागला की त्याच्याबरोबर तेही परत उघडतात, आणि आवाजाच्या मागे नॉईज असा ये-जा करू लागला की श्रोत्यांचं लक्ष त्याच्याकडे जास्तच जातं.